‘कसलं आलंय टेन्शन?’ तुम्ही विचारलंत म्हणून…

“तुम्हा कॉलेजच्या मुलांना कसलं आलंय टेन्शन? दिवसाला तीन-चार लेक्चरं, बाकी वेळ मोकळाच की!” हे मला काका-मामा विचारतात, नोकरीला लागलेली चुलत भावंडं विचारतात आणि कहर म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी स्वतः कॉलेजातून बाहेर पडलेली मंडळीही विचारतात. सगळं इतक्या लवकर कसं विसरतात, देव जाणे. बहुतेक वेळा मी हसून विषय बदलते, कारण समोरच्याला उत्तर नकोच असतं. “मजा करा, हेच दिवस आहेत” हे पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार असतं. पण परवा मावशीने खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, “अगं, पण दिवसभर होतं तरी काय एवढं? दमतेस कशाने?” फोनवर तिला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी त्या ‘मोकळ्या वेळा’चा हिशेब मिटवून टाकू. युरोपातल्या विद्यापीठांच्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास. ही पूर्णवेळ नोकरीच झाली की. त्यातला वर्गात बसण्याचा भाग थोडा. उरलेलं वाचन, टिपणं, प्रयोगाच्या वह्या, असाइनमेंट, परीक्षेची तयारी हे सगळं वर्गाबाहेर होतं. बाहेरच्या माणसाला फक्त लेक्चरं दिसतात, कारण वेळापत्रकात तेवढीच छापलेली असतात.

तरीही ‘काम फार असतं’ हे माझं उत्तर नाही. काम सगळ्यांनाच असतं, आणि आमच्यापेक्षा कितीतरी जास्त राबणारी माणसं घरोघरी आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. आमची सुट्टी होत नाही. दुकानाचं शटर खाली येतं, ऑफिसातला माणूस निदान निघतो तरी. अभ्यास ‘झाला’ असं कुठल्याच संध्याकाळी म्हणता येत नाही. अजून एक प्रकरण वाचता आलं असतं, मागच्या वर्षीची एखादी प्रश्नपत्रिका सोडवता आली असती, तो निबंध पुन्हा एकदा तपासता आला असता. परिणामी मैत्रिणीबरोबर सिनेमाला बसलं तरी निम्मं डोकं असाइनमेंटमध्ये, आणि असाइनमेंटला बसलं की डोळ्यांसमोर उद्याची तोंडी परीक्षा. आराम केला तरी तो चोरून केल्यासारखा वाटतो. ना धड काम, ना धड विश्रांती.

याचा अभ्यास एका विद्यार्थिनीनेच केला होता, हे कळल्यावर मला बरं वाटलं. ब्लूमा झायगार्निक बर्लिनमध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी संशोधन करत होती. तिने लोकांना छोटी छोटी कामं दिली: कोडी, मणी ओवणं, आकडेमोड. काही पुरी होऊ दिली, काही ऐन रंगात आली असताना थांबवली. नंतर कुठली कामं आठवतात असं विचारल्यावर लोकांच्या तोंडी अर्धवट राहिलेली कामं जास्त आली. हे १९२७ साली प्रसिद्ध झालं. पुढे हा प्रयोग करून पाहणाऱ्या सगळ्यांनाच तसा निकाल मिळाला नाही, त्यामुळे त्याला नियम म्हणायला नको. पण अर्धवट काम डोक्यात भुणभुण करत राहतं हे मला प्रयोगाविनाही पटतं. आमच्या आयुष्यात सत्राच्या शेवटच्या दिवसापर्यंत सगळंच अर्धवट असतं. एकाच वेळी पाच-सहा विषयांची घोंगडी भिजत पडलेली असतात.

त्यात वेळ मिळतो तोही तुकड्यांत. एका लेक्चरनंतर सव्वा तास रिकामा आहे असं समजा. “वा, सव्वा तास!” असं वाटतं ना? आता तो जवळून बघा. वर्गातून लायब्ररीत जायचं. खिडकीजवळच्या जागा गेलेल्या, मधल्या टेबलावर कुणाची तरी बॅग आहे आणि माणूस नाही. फिरून फिरून एक खुर्ची मिळते, पण प्लग लांब. लॅपटॉपची बॅटरी अठरा टक्के. मग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचं. फाइल उघडायची, काल कुठे थांबलो होतो ते शोधायचं, दोन परिच्छेद वाचायचे. तेवढ्यात वर्गातला कुणीतरी येऊन शेजारी टेकतो आणि कुजबुजत विचारतो, “उद्या सबमिशन आहे ते हाताने लिहायचंय की टाइप करून?” हे आपल्याला माहीतच नसतं. आता काळजी त्याला नाही, आपल्याला. मग ग्रुपवर विचारायचं, उत्तराची वाट पाहायची, आणि उत्तर येईपर्यंत आवरून निघायची वेळ झालेली असते. सव्वा तास गेला, दोन परिच्छेद झाले. ज्यांना शिकता शिकता नोकरीही करावी लागते त्यांच्या वाट्याला तर हे तुकडेही येत नाहीत. त्यांच्यापुढे माझी ही तक्रार म्हणजे चैन आहे, हे मला कळतं.

तारखांचं म्हणाल, तर प्रत्येक प्राध्यापकाला प्रामाणिकपणे वाटत असतं की या वर्गाला जगात आपलाच एक विषय आहे. “दोन आठवडे दिलेत, भरपूर झाले.” दोन आठवडे भरपूर असतातच, पण तेच दोन आठवडे आणखी चौघांनीही दिलेले असतात. शिवाय आमचे अंदाज चुकतात. १९९४ साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या संशोधकांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळंच फिसकटलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे सर्वांत वाईट काय होईल याचा अंदाजही आशावादीच निघाला. “वेळेचं नियोजन करा” असा सल्ला देणाऱ्यांना मी आता हे आकडे ऐकवते. नियोजन आम्ही करतो हो. रंगीत पेनांनी करतो. वेळापत्रक आखण्यात तर आमचा हात कुणी धरणार नाही.

पण डोक्याला खरा ताप विचाराल तर मी एकच नाव घेईन: ग्रुप प्रोजेक्ट.

गट आपण निवडलेला नसतो, हजेरीपटाच्या क्रमाने पडलेला असतो. पहिल्या दिवशी चॅटवर गट तयार होतो, त्याला मजेशीर नाव दिलं जातं, आणि सगळ्या सत्रातला सर्वाधिक उत्साह त्या नावावरच खर्च होतो. कामं वाटली जातात. “मी प्रस्तावना करतो.” “मी आकडेवारी बघते.” एक जण नुसता अंगठा टाकतो. त्या अंगठ्याचा अर्थ काय, त्याने नेमकं काय कबूल केलं, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. मग दहा दिवस शांतता. आदल्या दिवशी दुपारी कुणीतरी विचारतं, “कुठवर आलंय?” निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. रात्री पावणेबाराला एक फाइल येते. तिचा फॉन्ट वेगळा, शीर्षकं वेगळी, दोन परिच्छेद इंटरनेटवरून जसेच्या तसे उचललेले, इतके की मूळ पानावरचे लिंकचे निळे शब्दही तसेच. सोबत निरोप: “जरा बघून घे ना, तुझं चांगलं आहे.” हे कौतुक नव्हे, ही जबाबदारी ढकलणं आहे. मग बघून घेणारी व्यक्ती पहाटेपर्यंत बघून घेत बसते. दुसऱ्या दिवशी सादरीकरणात अंगठेबहाद्दर इस्त्रीचा शर्ट घालून येतो, सर्वांत छान बोलतो आणि गुण सगळ्यांना सारखे.

यातही नवीन काही नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ बिब लटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना शक्य तितक्या जोरात टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं. कधी एकेकट्याने, कधी गटात. गट जसा मोठा होत गेला तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आपला आवाज वेगळा मोजला जाणार नाही हे कळलं की माणूस आपोआप हात राखून वागतो. म्हणजे अंगठेबहाद्दर स्वभावाने वाईट नसेलही. पण मग ज्यांच्या हातात गुण आहेत त्यांनी प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजायला काय हरकत आहे? “प्रत्यक्ष आयुष्यातही असंच असतं, त्याची सवय व्हायला हवी,” असं उत्तर मला मिळालं होतं. ते मला अजिबात पटलेलं नाही. असेल तसं, पण त्याची सवय लावायला फी कशाला घ्यायची?

झोपेबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर घरच्यांचं भाषण तयारच असतं. “रात्री जागता, सकाळी उठत नाही.” शरीराचं घड्याळ पौगंडावस्थेपासून उशिराकडे सरकत जातं आणि साधारण विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं. नंतर ते पुन्हा मागे यायला लागतं. म्हणजे ज्या वयात झोप सर्वांत उशिरा येते, नेमक्या त्याच वयात सकाळचं पहिलं लेक्चर. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. ती कमी पडली की कॉफी. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी घेतलेली कॉफी रात्रीही जागीच असते. मोबाइलचा दोष मी नाकारत नाही, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका एवढंच.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणीच विचारत नाही: वाट पाहणं. ऑफिसच्या खिडकीवर एक दाखला हवा असतो. खिडकीपलीकडची व्यक्ती मान वर न करता सांगते, “सही व्हायचीय, उद्या या.” उद्या गेलं की सही झालेली असते, शिक्का राहिलेला असतो. निकाल ‘लवकरच’ लागणार असतो. पुढच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला निकाल हवा, फॉर्मची शेवटची तारीख ठरलेली, निकालाची नाही. अभ्यासाचा ताण निदान अभ्यास करून थोडा हलका करता येतो. या ताणावर आपल्या हातात काहीच नसतं, नुसतं पेज रिफ्रेश करत बसायचं. माझ्या मते हा सगळ्यांत निरर्थक ताण आहे, कारण तो घालवायला ना पैसा लागतो ना मनुष्यबळ. “निकाल अमुक तारखेच्या आत लागणार नाही” एवढं जरी कुणी लिहून लावलं, तरी शेकडो मुलं तोवर शांत झोपतील.

मावशीने पुढे विचारलं होतं, “मग यावर उपाय काय?” मोठे उपाय मला सांगता येणार नाहीत. एक छोटी गोष्ट मात्र उपयोगी पडते. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की राहिलेलं काम डोक्यातून जायला ते पुरंच व्हावं लागतं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी त्याची भुणभुण थांबते. म्हणून रात्री मी ‘अर्थशास्त्र करायचंय’ असं लिहिण्याऐवजी ‘उद्या दुसऱ्या लेक्चरनंतर, लायब्ररीत, तिसऱ्या प्रकरणाची टिपणं’ असं लिहिते. दर वेळी ते होतंच असं नाही, पण त्या रात्रीपुरतं शटर खाली ओढल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट आमच्या एका मॅडमनी केली. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी एक मोठा कागद स्टाफरूमच्या दारावर चिकटवला आणि आमच्या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांना आपापल्या सबमिशनच्या तारखा त्यावर लिहायला सांगितल्या. तीन तारखा एकाच शुक्रवारी आलेल्या पाहून दोन सरांनी आपणहून आपली तारीख पुढे नेली. एकमेकांच्या तारखा त्यांना तोवर माहीतच नव्हत्या. कामाचं एक पानही कमी झालं नाही, तरी त्या सत्रात वर्गातली चिडचिड निम्मी झाली. निकालाच्या तारखेसाठी असा कागद ऑफिसच्या दारावर अजून कुणी लावलेला नाही.