रीमॅचची वही: कोच बदलला की नेमकं काय बदलतं?

हरलेल्या बॉक्सरनं कोच बदलला तर रीमॅचमध्ये, म्हणजे त्याच दोघांच्या पुन्हा झालेल्या लढतीत, काय फरक पडतो हे मी जुन्या लढती बघून तपासतोय. मागच्या नोंदीत नियम ठरवला होता. हेवीवेट हरलेला हवा, मधल्या काळात त्यानं कोच बदललेला हवा, आणि रीमॅच त्याच माणसाशी झालेली हवी. ही चाळणी लावली की हाती फार थोडं उरतं. मोठे हेवीवेट मुळात कमी वेळा हरतात, आणि हरले तर रीमॅचच्या घाईत बरेचसे जुन्याच कोपऱ्यावर, म्हणजे कोच आणि त्याच्या माणसांवर, विसंबतात. तरी यादी पुढे सरकली आहे. अँथनी जॉशुआ–ओलेक्सांद्र उसिक दुसरी लढत बघून संपवली, होलीफील्ड–बो दुसरी पुन्हा लावली, डिऑन्टे वाइल्डर–टायसन फ्युरी तिसरी अर्धवट होती ती पूर्ण केली.

बघायच्या पद्धतीतही एक बदल केलाय. आता आवाज बंद. कॉमेंटेटरनं "आज वेगळाच जॉशुआ दिसतोय" म्हटलं की आपल्या डोळ्यांनाही तो दिसायला लागतो. लढत पहिल्यांदा बघताना मी गुण देतच नाही. फक्त आधी हरलेल्या माणसाचा पुढचा पाय आणि त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) परत येताना हात कुठे येतो, एवढंच बघतो. दुसऱ्यांदा बघताना गुण. वेळ दुप्पट जातो, पण कोचनं काय शिकवलं हे पायांत दिसतं, निकालात नाही.

आता जॉशुआ. २५ सप्टेंबर २०२१, लंडनचं टॉटनहॅम स्टेडियम. कोपऱ्यात कोच रॉब मॅक्रॅकन. तिन्ही जजनी उसिकला दिलं: ११७-११२, ११६-११२, ११५-११३. जॉशुआ त्या रात्री आपल्यापेक्षा हलक्या, डावखुऱ्या आणि जास्त चलाख माणसाशी लांबून बॉक्सिंग करत राहिला. म्हणजे उसिकला जो खेळ हवा होता तोच. त्यानंतर पठ्ठ्यानं अमेरिकेतल्या नावाजलेल्या जिमचे उंबरठे झिजवले आणि शेवटी रॉबर्ट गार्सियाला धरलं. गार्सिया स्वतः सुपर फेदरवेटचा माजी जगज्जेता, आणि त्याच्या हाताखालची गाजलेली नावंही बहुतेक हलक्या वजनांतली. आधीपासूनचा दुसरा कोच अँजेल फर्नांडिस सोबत होताच.

रीमॅच २० ऑगस्ट २०२२, जेद्दा. पहिल्या तीन राउंडमध्ये पाय बघा, फरक लगेच कळतो. टॉटनहॅमला जॉशुआचा डावा पाय उसिकच्या पुढच्या पायाच्या आत अडकून पडायचा आणि उसिक बाजूनं निघून जायचा. जेद्दात तो मध्यभाग सोडायला तयार नाही. उजवा हात डोक्याकडे कमी आणि छाती-पोटाकडे जास्त जातोय. डावखुऱ्या माणसाचं पोट उजव्या हाताला समोरच सापडतं, आणि सतत हलणाऱ्या डोक्यापेक्षा धड हे मोठं निशाण. साधी, शहाणी योजना. गार्सियाचा हात इथे स्पष्ट दिसतो, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

नववा राउंड तीन वेळा बघितला. जॉशुआ पोटात मारतो, उसिकचे कोपर खाली येतात, मग वर मारतो, आणि उसिक त्या लढतीत पहिल्यांदा मागे जाताना तिरका न जाता सरळ जातो. इथे थांबवलं तर कोच बदलणं फळाला आलं असंच कुणीही म्हणेल. पण दहावा राउंड सुरू होतो आणि उसिक असा तुटून पडतो की नवव्याचा मागमूस राहत नाही. त्या मिनिटांत जॉशुआचा पुढचा पाय पुन्हा जुन्या जागी. गार्ड वर, हात बंद, वाट बघणं. आखाड्यातही नवा वस्ताद आला की पैलवानाची सलामी बदलते, पण मान अडकली की तो लहानपणी घोटलेलाच डाव काढतो. इथे तेच झालं.

निकाल दोन विरुद्ध एक. एका जजनं ११५-११३ जॉशुआ, बाकीच्या दोघांनी ११५-११३ आणि ११६-११२ उसिक. माझं गुणांचं कार्डही ११६-११२ उसिक. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सचे आकडे वहीत लाल पेननं लिहिलेत: पहिल्या लढतीत लागलेले ठोसे उसिक १४८, जॉशुआ १२३. दुसऱ्यात उसिक १७०, जॉशुआ १२४. नव्या कोचच्या हाताखाली जॉशुआचा एक ठोसा वाढला आणि उसिकचे बावीस! ठोसे कुठे लागले हे बदललं, किती लागले ते नाही. आणि आपण विसरतो ती गोष्ट म्हणजे अकरा महिने समोरचा माणूसही अभ्यासच करत होता.

गार्सिया त्या एका लढतीपुरताच राहिला. पुढे डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन. दर वेळी नवी सुरुवात.

याच्या बाजूला होलीफील्ड–बो ठेवून बघा, मजा येते. १३ नोव्हेंबर १९९२ला लास वेगासमध्ये इव्हँडर होलीफील्ड रिडिक बोकडून गुणांवर हरला. तीस पौंड जड माणसाशी अंगाला अंग भिडवून मारामारी केली, दुसरं काय होणार? रीमॅचला, ६ नोव्हेंबर १९९३ला, कोपऱ्यात इमॅन्युएल स्टुअर्ड. बदल किती छोटा आहे बघा: झटक्यात दोन-तीन ठोसे, आणि बो उत्तर देईपर्यंत तिथे थांबायचंच नाही. होलीफील्डला हे येत होतंच. क्रूझरवेटला (हेवीवेटच्या खालच्या वजनात) असताना त्याचे पाय चालायचेच. डोकं तापलं की तो ते विसरायचा एवढंच. स्टुअर्डनं नवीन काही शिकवलं नाही, जुनं आठवायला लावलं. सातव्या राउंडमध्ये एक माणूस पॅराशूटसकट येऊन रिंगच्या दोरांवर आदळला आणि वीसेक मिनिटं खेळ बंद, हे खरंच घडलंय. त्यानंतरही होलीफील्ड योजनेवर टिकून राहिला. ११५-११३, ११५-११४ आणि एक बरोबरी. हरलेल्या हेवीवेटला नव्या कोचनं रीमॅच जिंकून दिली याचं माझ्या वहीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच.

वाइल्डरचं नेमकं उलट. २२ फेब्रुवारी २०२० ला फ्युरीशी दुसऱ्या लढतीत, सातव्या राउंडमध्ये, त्याच्या कोपऱ्यातल्या मार्क ब्रीलंडनं हार मानत टॉवेल टाकला, म्हणून वाइल्डरनं त्यालाच काढून टाकलं. ज्या माणसानं वेळेत लढत थांबवली त्यालाच घरी पाठवायचं, हे मला अजून पचत नाही. नवा कोच मलिक स्कॉट, ज्याला वाइल्डरनं २०१४ मध्ये पहिल्याच राउंडमध्ये आडवा केला होता. तिसरी लढत ९ ऑक्टोबर २०२१. पहिला राउंड बघून मी चक्क उठून बसलो: वाइल्डर वाकून फ्युरीच्या पोटात जॅब मारतोय! इतकी वर्षं हा गृहस्थ फक्त उजव्या हातावर जगला. तिसऱ्या राउंडमध्ये तो पडला, चौथ्यात त्यानं फ्युरीला दोनदा पाडलं, आणि तिथून जॅब गायब. मग दमलेले पाय आणि हवेतले मोठे हात. अकराव्यात संपलं. पोटावरच्या जॅबचं आयुष्य जेमतेम दोन राउंड.

फ्युरी स्वतः नियमात बसत नाही, कारण २०१८ ची पहिली लढत बरोबरीत सुटली होती. पण समासात नोंद केलीच. त्यानं बेन डेव्हिसनला सोडून शुगरहिल स्टुअर्डला घेतलं, म्हणजे डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचा वारसा, इमॅन्युएलच्याच नात्यातला. पळायचं नाही, वजन टाकायचं, जॅब आणि मागून सरळ उजवा. फ्युरी तरुणपणी क्रॉंकमध्ये राहून आलेला, त्यामुळे भाषा ओळखीची होती. पहिल्या लढतीला २५६ पौंडांच्या आसपास, दुसऱ्याला २७३.

माइक टायसन–होलीफील्ड दुसरीबद्दल दोनच ओळी. टायसनचा कोच जे ब्राइट याच्या जागी रिची जियाकेटी आला. २८ जून १९९७, तिसऱ्या राउंडला टायसन कोपऱ्यातून माउथपीस न घालताच बाहेर आला आणि रेफ्रीनं परत पाठवून तो घालायला लावला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: टायसननं होलीफील्डचा कान चावला. कोच बदलून कान वाचत नाहीत.

आता विरुद्ध बाजूचा रकाना, म्हणजे मुख्य कोच तोच आणि रीमॅच जिंकली. हा रकाना माझ्या अंदाजापेक्षा लांब निघाला. लेनॉक्स लुईस एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रहमानकडून हरला, कारण उंचीवरच्या गावी उशिरा पोचला आणि तयारी ढिली. नोव्हेंबरमध्ये स्टुअर्डच कोपऱ्यात होता, लुईस शिस्तीत आला आणि चौथ्या राउंडमध्ये रहमान आडवा. जॉशुआ–रुईझच्या २०१९ मधल्या रीमॅचमध्येही मॅक्रॅकनच मुख्य. जॉशुआ दहाएक पौंड उतरवून आला, रुईझ पंधरा चढवून. तिथे अर्धी लढत जेवणाच्या टेबलावरच ठरली होती. आणि जो लुई: १९३६ मध्ये श्मेलिंगनं हेरलं की जॅबनंतर लुईचा डावा हात खाली राहतो, आणि बाराव्या राउंडला पाडला. १९३८ ला कोच तोच, जॅक ब्लॅकबर्न. लढत पहिल्याच राउंडला खलास.

तर वहीच्या या टप्प्यावर माझं मत असं: नवा कोच पहिले तीन-चार राउंड देऊ शकतो, खात्रीनं. पुढचे मिळणार की नाही हे तो काय मागतोय त्यावर आहे. होलीफील्डकडून त्याच्याच अंगातलं मागितलं, मिळालं. वाइल्डरकडून आयुष्यात न केलेलं मागितलं, दमल्यावर ते गेलं. जॉशुआ मधे कुठेतरी. व्लादिमिर क्लिच्कोचं उदाहरण वेळेच्या बाजूनं बोलतं. स्टुअर्ड आल्यावर २००४ मध्ये तो ब्रूस्टरकडून पाचव्या राउंडमध्ये हरला होता. कोच ठेवला, तीन वर्षांनी कोलोनला त्याच ब्रूस्टरला सहा राउंडनंतर स्टुलावरच बसवून ठेवलं, आणि मग २०१५ पर्यंत कुणाकडून हरला नाही. हाच व्लादिमिर लगेचच्या रीमॅचला उतरला असता तर आपण स्टुअर्डलाही नावं ठेवली असती.

पुढचं काम लुईस–मकॉल. ज्या कोचनं, म्हणजे स्टुअर्डनं, आपल्याला हरवणारा माणूस घडवला त्यालाच लुईसनं कामावर घेतलं, पण १९९७ च्या रीमॅचमध्ये मकॉल रिंगमध्ये रडायला लागला आणि पाचव्यात लढत थांबली. याला कोणत्या रकान्यात टाकायचं यावर मतं हवीत. मी तूर्त "रद्द" लिहिलंय. शिवाय ज्यांच्याकडे जेद्दाची कार्डं आहेत त्यांनी आठव्या राउंडचे गुण कळवा. मी तो जॉशुआला दिलाय आणि पेन्सिलनं लिहून ठेवलाय.