तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मारली आहे

मराठी मंडळाच्या सहलीत एक ताई माझ्याजवळ आल्या. हातात कागदी ताट, ताटात तांबडा रस्सा, रश्श्यात माझ्याच कळपातल्या बोकडाचं मटण. "ऐकलं ते खरं का हो? तुम्ही त्या कायोटींना मारता?" कायोटी म्हणजे इथला कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी. मी हो म्हटलं. "अगं बाई!" म्हणाल्या, आणि नळी चोखायला लागल्या.

मला राग आला. ऑस्टिनपासून घरी, लॅनोपर्यंत, सव्वा तास मी गाडीत नवऱ्याला ऐकवत होते. शेवटी तो म्हणाला, "पण त्यांनी विचारलं त्यात चुकीचं काय होतं?" मग मी गप्प बसले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

टेक्सासात येऊन शेळ्या का पाळल्या, ते पूर्वीच सांगून झालंय, परत सांगत नाही. मारण्याबद्दल मात्र मला तिन्ही बाजूंनी ऐकावं लागतं. मंडळातले विचारतात, का मारता? माण तालुक्यातून चुलत्यांचा फोन येतो, "अजून जित्ती सोडता व्हय?" आणि शेजारचा म्हातारा रँचर काहीच विचारत नाही. तो 'कायोट' म्हणतो, शेवटची ई गिळून, आणि मारलेली कायोटी कुंपणाच्या तारेला मागच्या पायांनी टांगून ठेवतो. बाकीच्यांनी बघावं म्हणून, म्हणतो. बाकीच्या कायोटी ते बघून काय शिकतात कोण जाणे. माझ्या मुलीनं शाळेच्या बसमधून बघितलं आणि दोन दिवस मटणाला हात लावला नाही.

आणखी एक बाई आहे जिला मला उत्तर द्यायचंय. ती म्हणजे 2016 सालची मी. त्या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात मी लेख लिहिला होता. ठसक्यात लिहिलं होतं की आम्ही विष घालत नाही, हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालत नाही, फक्त सापळा लावतो, आणि तोही रोज तपासून. एका गोळीत काम होतं, जनावराला कळतसुद्धा नाही. लोकांना लेख आवडला होता.

विषाबद्दल लिहिलेलं खरं होतं, अजूनही खरं आहे. इथे सायनाइडची एक नळी जमिनीत पुरतात, एम-44 म्हणतात तिला. वर वासाचं आमिष चोपडलेलं असतं. जनावरानं दातांनी ओढलं की स्प्रिंग सुटते आणि भुकटी सरळ तोंडात. मिनिटा-दोन मिनिटांत खेळ खलास. पण ओढणारी कायोटीच असेल असं थोडंच आहे? 2017 साली आयडाहोतल्या पोकाटेलो गावाबाहेर एका चौदा वर्षांच्या मुलानं घरामागच्या टेकडीवर काय आहे म्हणून हात लावला. तो वाचला, त्याचा कुत्रा त्याच्या डोळ्यांदेखत गेला. 2023 मध्ये केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्यानं आपल्या जमिनींवर ही नळी बंद केली. टेक्सासात जवळपास सगळी जमीन खाजगी, म्हणजे त्या बंदीचा आमच्याकडे उपयोग शून्य.

दुसरं विष गळपट्ट्यातलं. करडाच्या गळ्याला रबरी पिशव्यांचा पट्टा, आत 1080 नावाचं विष. कायोटी गळाच धरते, त्यामुळे पिशवी तिच्या दाताखाली फुटते. 1985 साली याला परवानगी मिळाली. म्हाताऱ्यानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, हे तर न्यायाचं झालं! जी मारते तीच मरते, उगाच फिरणारी वाचते. मग लक्षात आलं की पट्टेवाल्या करडाला पुढे ठेवायचं, म्हणजे ते मरायलाच ठेवायचं. आणि 1080 नं जीव जायला काही तास लागतात.

याच्यावरून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती सुटता सुटत नाही. तुम्ही म्हणता कमी क्रूर काय ते करा. ठीक. मी एक यादी करते, कोणत्या मरणाला किती वेळ लागतो त्याची. दुसरी करते, निरपराध किती सापडतात त्याची. सायनाइड पहिल्या यादीत वर, दुसरीत तळाला. पट्टा बरोबर उलटा. दोन्ही याद्यांत वर येईल असं मला आजवर सापडलेलं नाही. चांगल्या नेमबाजाच्या हातातली रायफल, असं म्हणाल. चांगला नेमबाज कोण, ते आता सांगते.

2016 च्या एप्रिलात तीन आठवड्यांत आमची अकरा करडं गेली. काहींचा गळा फोडलेला, काहींचा पत्ताच नाही. दुभत्या, कासेला तड लागलेल्या शेळ्या रात्रभर ओरडायच्या. आम्ही पैसे देऊन एक सापळेवाला बोलावला. त्याचं काम बघत राहावं असं होतं. रबरी हातमोजे, गुडघ्याखाली गोणपाट, म्हणजे माणसाचा वास मागे राहू नये. तिरकं बीळ खणलं, आत सडकं आमिष, बिळासमोर सापळा पुरला आणि चाळणीनं माती चाळून वर पसरली, आपण पोळपाटावर पीठ भुरभुरतो तशी. असे चार. जाताना म्हणाला, रोज सकाळी फेरी मारायची, चुकवायची नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी चारही बघितले. रिकामे होते. त्या वर्षी एक मे नेमका रविवारी आला होता, महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम ऑस्टिनला. शनिवारी रंगीत तालीम, मुलीचा नाच, रात्री मैत्रिणीकडेच राहिलो. रविवारी कार्यक्रम, जेवण, आवराआवर. शेळ्यांचं चारापाणी बघायला एक मुलगा ठेवला होता. सापळ्यांचं त्याला सांगायचं मी विसरले. विसरले असं आजवर म्हणत आलेय. खरं म्हणजे शनिवारी दुपारी आठवलं होतं. तो पोरगा सतरा वर्षांचा, त्याला कुठे या भानगडीत पाडा, असं मनाशी म्हटलं. रविवारी रात्री साडेदहाला घरी पोचलो, तेव्हाही आठवलं. उद्या बघू, म्हटलं.

सोमवारी सकाळी ती तिसऱ्या सापळ्यात होती. पुढचा उजवा पाय. खुंटीभोवती साखळी पुरेल तेवढं मातीचं गोल रिंगण उकरलेलं, गवताची एक काडी उरली नव्हती. त्या रिंगणात वाळलेली विष्ठा होती, दोन ठिकाणी. पंजा फुगून दुप्पट झालेला, मुंग्या लागलेल्या. लोखंड चावून चावून दात तुटले होते. मला वाटलं होतं गुरगुरेल, अंगावर येईल. तिनं कान मागे पाडले, पोट जमिनीला टेकवलं आणि दुसरीकडे बघत राहिली.

माझ्या हातात बावीस कॅलिबरची रायफल होती. डब्यांवर सराव केलेला. मी नेम धरला आणि तिनं मान वळवली. गोळी जबड्याला लागली. त्यानंतरचा आवाज मी लिहिणार नाही. दुसरी गोळी भरायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही. नवरा म्हणतो चार-पाच सेकंद, तो घराच्या ओट्यावर होता, त्याला दोन आवाज ऐकू आले. चार-पाच सेकंद नव्हते ते.

तिला उताणी केली तेव्हा आचळं दिसली. ओली, आजूबाजूचे केस झडलेले.

इथे लगेच, तुम्ही आई आहात ना, मग काय वाटलं, असं विचारू नका. माझ्या जागी नवरा असता तर त्याला तुम्ही बाप म्हणून विचारलं नसतं. मला वाटलं ते असं: आता बीळ शोधायला हवं. सापळेवाल्यानंही तेच सांगितलं. बीळ शोधायचं आणि पिल्लांचा निकाल लावायचा, उपाशी मरण्यापेक्षा बरं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी शोधलं नाही. सापडेल या भीतीनं शोधलं नाही. नर पिल्लांना ओकून भरवतो, साधारण तीन आठवड्यांची झाली की ती ते खाऊ लागतात, हे मी त्या रात्री वाचून काढलं आणि त्यावर झोपले. एप्रिलच्या कोणत्या तारखेला ती व्यायली होती, हे मला कुठे माहीत होतं?

आणि दिवाळीत लिहिलं, एका गोळीत काम होतं. रात्रीच अडकली असावी, असंही लिहिलं. वाळलेली विष्ठा मी बघितली होती.

पकडून लांब सोडत का नाही, हा प्रश्न हमखास येतो, तो इथेच उरकते. 1988 पासून दक्षिण टेक्सासात कायोटींमध्ये रेबीज पसरला होता. 1995 मध्ये विमानांतून लसीची आमिषं टाकायला सुरुवात झाली आणि जिवंत कायोटी इकडून तिकडे न्यायलाही बंदी आली. बंदी नसती तरी परक्या हद्दीत सोडलेलं जनावर घराच्या दिशेनं चालत सुटतं आणि बऱ्याचदा हायवेवर मरतं. सोडणाऱ्याला ते दिसत नाही, एवढाच फायदा.

मारून तरी काय होतं? केंद्र सरकारचं वन्यजीव सेवा खातं एकटंच वर्षाला पन्नास हजारांहून जास्त मारतं, तरी एकेकाळी मैदानात आणि वाळवंटात राहणारं हे जनावर आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. 1975 साली कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी हिशेब मांडला होता: दर वर्षी 75 टक्के मारत राहिलात तरी संपवायला पन्नास वर्षांच्या वर लागतील. जोडी मोडली की हद्द मोकळी होते, बाहेरच्या शिरतात, उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात. युटामध्ये तर जोड्यांची नसबंदी करून बघितली. जोडी हद्द राखते, दुसऱ्यांना येऊ देत नाही, आणि भरवायला पिल्लं नसल्यानं कोकरं कमी मारते. ऐकायला किती छान! करायला प्रत्येक जोडी धरून तिचं ऑपरेशन करावं लागतं. चाळीस शेळ्यांच्या हिशेबात ते बसत नाही.

म्हणजे माझ्या त्या कायोटीच्या मरणानं काही साधलं नाही? तेही म्हणवत नाही. त्या मे महिन्यानंतर सप्टेंबरपर्यंत एकही करडू गेलं नाही. नेमकी तीच मारत होती का, की आमची करडं मोठी झाली म्हणून थांबलं, मला माहीत नाही. पण अकरा गेल्यावर एकही न जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या दारात शेळी ओरडते त्यालाच कळतं. हे मी ताईंना सांगायला हवं होतं.

त्या दिवाळी लेखात आजोबाही होते. आमचा आजा मेंढरं राखायचा. रात्री वाघूर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, लावायचा, कुत्री सोडायचा, आणि लांडग्यानं कोकरू नेलं तर म्हणायचा, "त्याचा वाटा त्यानं नेला." मी त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता, आपल्याकडचं सहजीवन वगैरे. चुलत्यांना कुणीतरी लेख वाचून दाखवला. त्यांचा फोन आला.

"पोरी, तुजा आजा काय संत न्हवता. बहात्तरच्या दुष्काळात माळावरचं लांडग्याचं बीळ त्यानंच धुरी करून बुजवलं. मी गवऱ्या दिल्या व्हत्या हातात. आत पिल्लं व्हती."

मी विचारलं, मग वाट्याचं काय?

"ते म्हातारपणी म्हणायचा. मेंढरं इकल्यावर."

बहात्तर साल. त्याच वर्षी फेब्रुवारीत इथे अध्यक्ष निक्सननं सरकारी जमिनींवर शिकारी जनावरांना विष घालायला बंदी केली होती, जी पुढे सैल झाली. आणि त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. माळावर चारा नव्हता, पाणी नव्हतं, आणि माझा आजा बिळाच्या तोंडाशी गवऱ्या पेटवत होता. मला त्याचा राग येत नाही. त्याला ते बीळ शोधता आलं आणि मला आलं नाही, यातलं बरं कोण, हे ठरवायला बसले की मात्र काही सुचत नाही.

सापळे मी त्याच वर्षी परत दिले. उंच जाळी केली, खालून वीजतार घेतली, ग्रेट पिरेनीज जातीची दोन कुत्री आणली. पांढरी, प्रचंड, शेळ्यांत वाढलेली. मंडळात लोकांना हे फार आवडतं, फोटो मागतात. त्यांना मी दोन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली पहाट सांगत नाही. दोघांनी मिळून एक कायोटी जाळीच्या कोपऱ्यात धरली होती. मी पोचले तेव्हा ती जिवंत होती आणि कुत्र्यांना काही घाई नव्हती. रायफल घेऊन मीच गेले मध्ये. यावेळी एका गोळीत झालं. कुत्र्यांनी मारलं म्हणजे मी मारलं नाही, असं म्हणायची सोय मलाही हवी होती.

पण बाकीच्या शेकडो रात्री ती कुत्री नुसती भुंकतात आणि बाहेरची निघून जातात, हेही तितकंच खरं. गेल्या वसंतात दोन करडं गेली. अकरांपुढे दोन. मला हे परवडतं. ज्याचं घर शेळ्यांवरच चालतं त्याला परवडेल का, हे मी शेजारच्या म्हाताऱ्याला शिकवायला जाणार नाही.

मोठा कुत्रा आता नऊ वर्षांचा झालाय, मागचे पाय ओढतो, कुंपणाच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही. नवं पिल्लू आणलंय, आठ आठवड्यांचं, गोठ्यात शेळ्यांच्या पोटाशी झोपतं. ते भरवशाचं व्हायला दीड-दोन वर्षं जातील. फेब्रुवारीत एकोणीस शेळ्या व्यायच्या आहेत. सापळेवाल्याचा नंबर फोनमध्ये अजून आहे; परवा काढला होता, लावला नाही.