ओहोटीची वेळ

परभणीच्या आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे बावीस विद्यार्थी घेऊन मी कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान पाहण्यास गेलो, तेव्हा त्यांपैकी एकोणीस जणांनी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. 1980 मध्ये अभयारण्य आणि 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेला हा परिसर देशातील अशा प्रकारचा पहिलाच. जामनगरपासून सुमारे 60 किलोमीटरवरील नरारा येथे होडीही लागत नाही. ओहोटीत उघड्या पडलेल्या तळावरून पायीच प्रवाळांपर्यंत जाता येते.

चूक माझीच झाली. ओहोटीची वेळ मी फोनवरून विचारून घेतली होती, परंतु तीच चालायला सुरुवात करण्याची वेळ असे धरून बसलो. वास्तविक त्या वेळी पाणी सर्वांत खाली जाऊन परत फिरू लागते; आत शिरायचे असते ते त्याच्या बरेच आधी. वाटाड्याने घड्याळ पाहून मान हलवली, तरी मुलांचे चेहरे बघून तो अर्ध्या वाटेपर्यंत येण्यास कबूल झाला.

एका डबक्यातून त्याने केंड मासा ओंजळीत घेतला. बघता बघता तो लिंबाएवढा गोल फुगला आणि पोटावरचे बारीक काटे ताठ उभे राहिले. वर्षानुवर्षे मी हा मासा बरणीतल्या फॉर्मॅलिनमध्ये, पांढरा पडलेला असाच दाखवत आलो होतो. (त्याला असे छळावे का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला, सुदैवाने वाटाड्याने तो लगेच सोडला.) पुढे एक दगड सरकला, तो ऑक्टोपस निघाला, आणि तपकिरीचा राखाडी होत कपारीत शिरला. मुले तिथेच खिळली.

पाणी समोरून लाट होऊन येईल, अशी माझी समजूत होती. ते आले मागून, आवाज न करता, मघाशी घोटाभर पाणी असलेल्या ओहळातून.

"सर, आपल्याकडं पाणी आलं म्हटलं की माणसं घागरी घेऊन धावतात, इथं पाणी आलं की पळायचं व्हय?" एक मुलगी म्हणाली. हसायला कोणी थांबले नाही. हात धरून तो ओहळ ओलांडताना पाणी गुडघ्यांच्या वर आले होते. काठावर मी दोनदा मोजणी केली, बावीस भरले, आणि मगच वाटाड्याकडे मान वर करून पाहू शकलो.