तुम्ही विचारलंत म्हणून: ९३ हजारांतल्या एकालाही शिक्षा का झाली नाही?

‘सर, ढाक्याला ९३ हजार धरलं आपण. त्यातल्या एकाला तरी शिक्षा झाली का वो?’

१९७१च्या युद्धात शरण आलेल्या पाकिस्तानी कैद्यांबद्दलचा हा प्रश्न साताऱ्यात कायदा शिकवणाऱ्या माणसाला चुकत नाही. अपशिंग्यात, खटाव-माणमध्ये आणि डिसेंबरात कराडला विजय दिवसाच्या गर्दीत तर हमखास. विचारणारे बहुतेक निवृत्त फौजी. जमालपूरच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती, त्यामुळे आमच्या भागात १९७१ हे पुस्तकातलं साल नाही.

उत्तर सरळ आहे: नाही. बांगलादेशातल्या अत्याचारांसाठी एकाही पाकिस्तानी सैनिकावर उघड्या न्यायालयात खटला चालला नाही.

पण आधी एक गोष्ट. ९३ हजार म्हणजे ९३ हजार गुन्हेगार नव्हेत. त्यांत निमलष्करी होते, नागरी कर्मचारी होते, काहींची बायकापोरंही होती. समोरच्या बाजूनं लढणं हा गुन्हा नसतो. हे फौजींना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. १९४९च्या जिनिव्हा कराराप्रमाणे लढाई थांबली की युद्धकैदी परत पाठवावे लागतात. ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे, त्याला मात्र निकालापर्यंत ठेवून घेता येतं. हा रस्ता उघडा होता. बांगलादेशनं छाननी करून १९५ जणांची यादी केली आणि १९७३ मध्ये खटल्यांसाठी कायदाही केला.

मग माशी कुठं शिंकली?

पाकिस्तानात लाखो बंगाली अडकले होते: सरकारी नोकर, सैनिक, त्यांची कुटुंबं. तुम्ही आमच्या १९५ जणांवर खटले भराल, तर आम्ही यांतल्या २०३ जणांवर भरू, असं पाकिस्तानचे नेते भुट्टो यांनी सुनावलं. बांगलादेशला मान्यताही देईनात. ऑगस्ट १९७२ मध्ये चीननं नकाराधिकार वापरून बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांच्या दाराबाहेर ठेवलं. मे १९७३ मध्ये पाकिस्ताननं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावरच दावा ठोकला, की हे १९५ बांगलादेशच्या हवाली करू नका. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या दिल्ली करारानं बाकीच्या कैद्यांची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानची मान्यता आली. ९ एप्रिल १९७४ रोजी तिन्ही देशांनी सह्या केल्या, आणि क्षमा म्हणून ते १९५ही परत गेले. बदल्यात पाकिस्ताननं जे काही गुन्हे घडले असतील त्यांचा निषेध आणि खेद नोंदवला. ‘असतील’! वकिली मसुद्यात असले शब्द फार विचार करून घालतात.

इथं एखादे आजोबा हमखास म्हणतात, ‘पत्रीसरकारच्या ताब्यात द्यायची हुती.’ हशा होतो. मला मात्र बांगलादेशचे तेव्हाचे पंतप्रधान शेख मुजीब यांना दोष देववत नाही. जिवंत माणसं सोडवायची की मेलेल्यांचा हिशेब मागायचा, असा तो सौदा होता. त्यांच्या जागी मीही माणसंच सोडवली असती. माझी तक्रार वेगळी आहे. त्या यादीतल्या एकाही नावासमोरचा पुरावा कोर्टात वाचला गेला नाही, उलटतपासणीला टिकतो का ते पाहिलं गेलं नाही. पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या स्वतःच्या हमुदुर रहमान आयोगानं खटले भरा म्हणून सांगितलं होतं; तो अहवाल दाबला गेला आणि त्यातला काही भाग छापून आला तो २००० साली, भारतात.

याची किंमत पुढं बांगलादेशनंच मोजली. २०१० मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण बसलं, तेव्हा पिंजऱ्यात उभे राहिले ते पाकिस्तानी फौजेचे स्थानिक साथीदार. जवळपास चाळीस वर्षांनंतरच्या साक्षी, बाहेर शाहबागला फाशी मागणारी गर्दी, जन्मठेपेविरुद्ध सरकारला अपील करता यावं म्हणून २०१३ मध्ये मधेच बदललेला कायदा. डिसेंबर २०१३ मध्ये पहिली फाशी झाली. दुसऱ्या एका आरोपीला २०१४ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती. सरकार बदलल्यावर, २०२५ मध्ये, तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. आता यातलं काय खरं मानायचं, हे ज्यांची माणसं मेली त्यांना कोण सांगणार?

याउलट युगोस्लाव्हिया बघा. तिथल्या गुन्ह्यांसाठी न्यायाधिकरण १९९३ मध्ये नेमलं, लढाई चालू असतानाच. १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात ८ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. सामुदायिक कबरी उकरल्या, हाडांवरून डीएनए जुळवून नावं लावली. बोस्नियातल्या सर्बांचा सेनापती म्लादिच २०११ पर्यंत सापडला नव्हता. पण सापडला तेव्हा कागद तयार होते, आणि २०१७ मध्ये जन्मठेप झाली. १६१ आरोपींपैकी शेवटी कुणीच फरार उरला नाही. उशीर तिथंही झालाच की.

तरुण पोरं विचारतात, आता आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात जाता येईल का? नाही. त्याचा अधिकार १ जुलै २००२ नंतरच्या गुन्ह्यांपुरता, आणि भारत त्याचा सदस्यही नाही. का नाही, असं मी उलट विचारतो, तेव्हा सभागृहात दोन तट पडतात. आपल्या माणसाला परक्या कोर्टात उभं करायला फारसं कुणी राजी नसतं, मीसुद्धा चटकन हो म्हणत नाही.

१९७१ मध्ये तिशीत असलेला अधिकारी आज ऐंशी ओलांडून गेलाय. त्याच्यावर खटला होईल असं मी कुणाला सांगत नाही. सांगतो ते एवढंच: काका, ढाक्याच्या वाटेवर तुम्ही जी गावं बघितली, ती नातवाला सांगून लिहून ठेवा. गावाचं नाव, अंदाजे तारीख, काय दिसलं, शेजारी कोण होतं. आणि ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असं समोर लिहा.