आमची वाटचाल : स्टील गिटारसाठी व्हॉल्व्हचे प्रीॲम्प

आमच्या व्यवसायाची सुरुवात पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यापासून झाली. ऑर्केस्ट्रांतील वादक दुरुस्तीला येत आणि त्यांत हवाईयन गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची स्टील गिटार, वाजवणारेही असत. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिकांवर ज्यांचा कान तयार झाला होता, त्यांना नव्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आवाज कोरडा वाटे; मींड लांबवली की स्वर पातळ होतो, अशी त्यांची ठरलेली तक्रार असे. त्या तक्रारीचे उत्तर शोधता शोधता दुरुस्ती मागे पडली आणि आम्ही स्टील गिटारसाठी व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) प्रीॲम्प, म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल मुख्य ॲम्प्लिफायरआधी वाढवणारे डबे, बनवू लागलो. आज आमच्या ग्राहकांत अमेरिकेत राहून पेडल स्टील (पायातल्या पेडलांनी तारांचा स्वर बदलता येणारी स्टील गिटार) वाजवणारे काही मराठी वादकही आहेत.

साध्या इलेक्ट्रिक गिटारसाठी नावाजलेला प्रीॲम्प स्टीलला जसाच्या तसा चालत नाही. तिथे आवाज जरा फाटला तर तो गुण ठरतो. स्टीलवर मात्र दोन-तीन तारा एकत्र छेडून बार सरकवताना आवाज फाटला, की त्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच स्वर निपजतात आणि ते बारसोबत सरकत असल्याने कानाला जास्तच टोचतात. म्हणूनच अमेरिकन स्टीलवादक पूर्वीपासून स्वच्छ ताकदीच्या शोधात राहिले. स्टीलवादक स्पीडी वेस्ट यांनी १९५०च्या दशकात वापरलेल्या स्टँडेल कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये २५ वॅट आणि १५ इंची स्पीकर होता. पुढे फेंडरचा ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब आला, आणि १९७०च्या दशकात पीव्हीच्या सेशन ४०० या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरने अनेकांना आपलेसे केले. ताकद मिळाली, पण व्हॉल्व्हचा भरीवपणा काहींना आठवत राहिला. त्यातून पुढे व्हॉल्व्हचा प्रीॲम्प आणि मागे स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प ही जोडी रूढ झाली, आणि आमचे सारे काम याच जोडीतल्या पहिल्या डब्याचे आहे.

ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो व्हॉल्व्हचा : १२एएक्स७ लावू की १२एवाय७? व्हॉल्व्हच्या या दोन प्रकारांत पहिल्याचा गुणक (सिग्नल वाढवण्याच्या क्षमतेचा आकडा) सुमारे १००, दुसऱ्याचा ४५च्या आसपास. एकाच सॉकेटमध्ये एक काढून दुसरा लावला की आवाज खाली येतो, आणि कमी आवाज कानाला नेहमीच मवाळ, ‘गोड’ वाटतो. यासाठी आमच्या बाकावर आधी १,००० हर्ट्झचा स्वर सोडून मिलिव्होल्टमीटरवर दोन्ही प्रीॲम्पची पातळी जुळवली जाते आणि मगच गिटार जोडली जाते. पातळी जुळल्यावर दोन व्हॉल्व्हमधला ऐकू येणारा फरक पुष्कळच आक्रसतो. उरतो तो मुख्यतः जोरात छेडल्यावरचा : १२एएक्स७च्या पहिल्या टप्प्याला आवाज फाटायला साधारण दीड व्होल्टची उसळी पुरेशी होते, आणि पेडल स्टीलचे तगडे पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) तिथवर सहज पोहोचतात. ट्विनच्या दुसऱ्या इनपुटमध्ये वायर घातली की सिग्नल निम्मा होतो. पुष्कळ वादक तेच करतात आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च वाचवतात.

खरा स्वभाव ठरतो टोनच्या सर्किटमध्ये. काळ्या पॅनलच्या फेंडरमधील टोन सर्किट, ज्यावर पुढे अलेम्बिक कंपनीचा एफ-२बी प्रीॲम्पही बेतला गेला, ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा पाडते, म्हणजे तिथला आवाज दाबते. पेडल स्टीलच्या ई-नाईन्थ ट्यूनिंगमधील तिसरी तार, म्हणजे सर्वांत वरचा जी शार्प, मोकळी वाजते ४१५ हर्ट्झला. त्या तारेचा मूळ स्वर खड्ड्यात जातो आणि वरचे स्वरांश चमकतात. सुरुवातीला हे झगमगीत वाटते, पण तासाभराच्या मैफलीत ती तार सुईसारखी टोचू लागते. सी-सिक्स्थ या दुसऱ्या ट्यूनिंगच्या जाड तारांना मात्र हाच खड्डा मानवतो, कारण त्यांचा चिखल कमी होतो. म्हणून आम्ही दोन मॉडेल ठेवली आहेत : एक फेंडरच्या वळणाचे आणि दुसरे मधला भाग जवळजवळ सपाट ठेवणारे. हवाईयन गिटारवर भावगीत वाजवणाऱ्याला आम्ही बिनदिक्कत दुसरेच सुचवतो, कारण गळ्याच्या जवळ जाणारा भाग त्या मधल्या पट्ट्यातच असतो.

याहूनही मोठा फरक व्हॉल्यूम पेडल करते, याकडे फारच थोड्यांचे लक्ष असते. त्यातले ५०० किलो-ओहमचे पॉट (बदलता रोध) मधोमध आले की पुढच्या वायरला सुमारे १२५ किलो-ओहममधून सिग्नल मिळतो. पाच-सहा मीटर वायरची धारिता ५०० पिकोफॅरड धरली, तर अडीच हजार हर्ट्झच्या वरचा भाग तिथेच गळू लागतो, आणि पाय जसा हलेल तसा टोन बदलत राहतो. आमच्या प्रीॲम्पमध्ये यासाठी पिकअपपाशीच एक कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढचा भार पेलणारा व्हॉल्व्हचा टप्पा) आहे, ज्याचे आउटपुट पेडलकडे जाऊन पुन्हा आत येते. त्यामुळे पिकअपवर पेडलचा भार येत नाही आणि पेडलमध्ये कमी रोधाचे पॉट वापरता येते; तसे पॉट असले, की पेडल अर्धे दाबलेले असतानाही तारेचा दाणा जवळजवळ तसाच राहतो. आमच्या मते व्हॉल्व्हचा पैसा वसूल होण्याची सर्वांत योग्य जागा हीच आहे, जरी इथे तो व्हॉल्व्ह गेन अजिबात देत नाही.

हमचा, म्हणजे विजेच्या गुणगुणीचा, बंदोबस्त आम्ही दोन ठिकाणी करतो. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला १२.६ व्होल्टचा नियंत्रित डीसी पुरवठा दिला जातो, आणि ट्रान्सफॉर्मर आमच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठीच गुंडाळून घेतला जातो. परदेशी जाणाऱ्या डब्यांना १२० व्होल्टचे टॅपिंगही असते. प्रत्येक व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवून, व्हॉल्यूम पूर्ण चढवून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्याला टिचकी मारली जाते. घंटेसारखा घुमला, तर तो पहिल्या टप्प्यात जात नाही. कॅथोड फॉलोअरच्या जागी तोच व्हॉल्व्ह बहुधा निमूट काम करतो, त्यामुळे फेकून द्यावे लागणारे व्हॉल्व्ह कमीच.

महागड्या जुन्या व्हॉल्व्हचे संच आम्ही विकत नाही. कोणी स्वतःचे घेऊन आले, तर पातळी जुळवून समोर ऐकवतो आणि निवड त्यांच्यावर सोडतो. ऐकायला येताना आपली गिटार, बार आणि विशेषतः रोजच्या वापरातले व्हॉल्यूम पेडल व वायर सोबत आणावी, एवढीच आमची विनंती असते. स्पीकर मात्र दुकानातला, १५ इंची, नेहमी एकच असतो.