सोसायटीच्या पूल पंपाचा स्पीड सेट करताना: सोलर, क्लीनर आणि वीजबिल, माझा अनुभव

बावधनला आमच्या सोसायटीत क्लबहाऊसला लागून स्विमिंग पूल आहे, साधारण एक लाख लिटरचा. थंडीत तो असून नसल्यासारखा, कारण जानेवारीत इथे पहाटे पारा 10-12 वर येतो आणि पाण्यात पाय घालवत नाही, आणि ज्या आजी-आजोबांना गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलंय त्यांचंच नेमकं तीन महिने बंद. म्हणून दिवाळीनंतर क्लबहाऊसच्या टेरेसवर पूलचं पाणी उन्हात तापवणाऱ्या काळ्या नळ्यांच्या सोलर मॅट बसवल्या, सोबत पंपाला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि तळ साफ करणारा ऑटोमॅटिक क्लीनर. ज्यांनी बसवलं ते सगळं 50 हर्ट्झवर, म्हणजे फुल स्पीडला, चालू करून गेले (व्हीएफडीवर स्पीड हर्ट्झमध्येच लावतात). चालत होतं, नाही असं नाही, पण 3 एचपीचा पंप 12 तास फुल स्पीडला म्हणजे रोजचे 26-27 युनिट, मग व्हीएफडी घेतला कशाला? कमिटीत पूलचं काम माझ्याकडे, त्यामुळे मीच मागे लागले.

पंपाचं गणित आधी समजून घ्या, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. स्पीड निम्मा केला की पाणी निम्मं, प्रेशर चौथा हिस्सा आणि वीज आठवा हिस्सा (हे कागदावर, प्रत्यक्षात वीज थोडी जास्त जाते). आठवा हिस्सा वीज ऐकून सगळे खुश होतात, प्रेशर चौथ्या हिश्शावर येतं तिकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि सोलरचं घोडं तिथेच पेंड खातं.

नुसत्या फिल्टरला काही त्रास नाही. 28 हर्ट्झ लावलं, स्किमरपाशी (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं काठावरचं तोंड) उभं राहून पानं आत ओढली जातायत ना ते बघितलं, झालं.

सोलरचं तसं नाही. आमच्या पंपाच्या नेमप्लेटवर जास्तीत जास्त हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) 20 मीटर लिहिलाय आणि मॅटचा वरचा पाइप पूलच्या पाण्यापासून 8 मीटर उंच आहे (उंची पाण्याच्या पातळीपासून धरायची, पंपापासून नाही). 30 हर्ट्झला 20 चा हेड 7.2 मीटर होतो, म्हणजे पाणी टेरेसवर पोचणारच नाही, पंप कितीही वेळ फिरू दे. 35 ला 9.8, म्हणजे पोचेल पण फिल्टर आणि पाइपमध्ये जाणारं प्रेशर धरलं तर काठावर पास. म्हणून सुरुवातीला पाच मिनिटं 45 ला चालवून मॅट पूर्ण भरून घ्यायच्या, हवा बाहेर काढायची, आणि मग एकेक हर्ट्झ खाली यायचं. एकदा पाइप भरले की खाली उतरणारं पाणी वर चढणाऱ्याला ओढतं, त्यामुळे कमी स्पीडला भागतं.

पण किती कमी? मी पंपरूममध्ये, आमचे पूलचे काका डेकवर, फोन चालू. 42, ठीक. 40, ठीक. 38 केलं आणि थोड्या वेळाने काका म्हणाले, "मॅडम, बुडबुडे यायला लागले बघा, पाणी परत येतं त्या तिन्ही जाळ्यांतनं." वर जाऊन बघितलं तर टेरेसवरच्या एअर व्हॉल्व्हमधून बारीक सूंऽऽ असा आवाज, बोट लावलं तर हवा आत ओढत होता. हा व्हॉल्व्ह पंप बंद झाल्यावर हवा आत घेण्यासाठी असतो, म्हणजे पाणी खाली उतरतं आणि नळ्या चिमटत नाहीत. पंप चालू असताना तिथलं प्रेशर हवेच्या खाली गेलं तरी तो उघडतोच. त्याला बूच मारा असा सल्ला देणारे भेटतील, अजिबात ऐकू नका, स्पीड वाढवा. आम्ही 40 वर थांबलो.

मग लोकांची तक्रार, परत येणारं पाणी गरमच लागत नाही. ते बरोबर आहे, तसंच पाहिजे! भर दुपारी मॅटला हात लावला तर ती गारसर लागली पाहिजे, चटका बसत असेल तर पाणी कमी जातंय आणि ऊन हवेतच वाया चाललंय. तासाला 12000 लिटर पाणी फक्त अडीच डिग्रीने तापून आलं तरी पाच तासांत आख्खा पूल दीड डिग्री चढतो. रात्री कव्हर नाही टाकलं तर त्यातलं बरंचसं बाष्पीभवनात जातं, त्यामुळे कव्हरचे पैसे मी कमिटीत भांडून मंजूर करून घेतले.

आता क्लीनर. आमचा सक्शनवाला आहे, व्हॅक्युम पॉइंटला (पूलच्या भिंतीतलं पाणी ओढणारं भोक) होज लावून चालतो, म्हणजे पंप जितकं ओढेल तितका तो पळणार. सोलरचा व्हॉल्व्ह उघडला की पाण्याला लांबचा रस्ता पडतो, फ्लो कमी होतो आणि क्लीनर रेंगाळतो, ढग आला की कंट्रोलर सोलर बंद करतो, मग त्याच 40 हर्ट्झला क्लीनर सुसाट सुटतो आणि पायरीच्या कोपऱ्यात उलटा होऊन पडतो. एका स्पीडवर दोन्ही जमणारच नाही. इलेक्ट्रिशियन दादा म्हणाला, "ताई, सोलर कंट्रोलरचा कॉन्टॅक्ट व्हीएफडीला देतो, स्पीड आपोआप बदलेल." आता सोलर चालू तर 40, बंद तर 33, आणि स्किमरचा व्हॉल्व्ह अर्धा दाबून क्लीनर भिंतीवर वीतभर चढून खाली येईल इतकाच ठेवलाय.

वेळ मुद्दाम साडेदहा ते साडेतीन. ऊन तेव्हाच, सोलरसाठी स्पीड तसाही लागतोच, मग क्लीनरही त्यातच उरकतो, आणि तेव्हा पूल बंद असतो ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. क्लीनर चालू असताना कोणी पाण्यात नको, आणि होज काढली की व्हॅक्युम पॉइंटचं झाकण लागलंच पाहिजे, लहान मुलांचा हात किंवा केस तिथे ओढले जाऊ शकतात. बाकी वेळ 28. रोजचे युनिट 11-12 वर आले.

बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं) मात्र 50 लाच करायचा, कमी स्पीडला फिल्टरमधली वाळू उचलली जात नाही आणि घाण आतच राहते. एप्रिल-मेमध्ये पाणी आपोआपच कोमट असतं तेव्हा सोलर पूर्ण बंद, पावसाळ्यात पण ऊन नसतं आणि गुलमोहराचा कचरा पडतो तेव्हा 33 वर नुसता क्लीनर. हे सगळे आकडे पॅनलच्या दाराच्या आतून मार्करने लिहून ठेवलेत आणि व्हीएफडीला पासवर्ड टाकलाय. तुमची टेरेस उंच असेल तर 40 चालणार नाही, तुमचा आकडा बुडबुडे बघूनच काढा.