ओयरींची लिपी सापडली, पण राजधानी हलवावी लागतेय

मंडळी, ओयरी म्हणजे आपल्या काल्पनिक जगातले डॉल्फिनसारखे जलचर, क्लिक करून प्रतिध्वनीवरून जग ओळखणारे. त्यांच्या लिपीचा गुंता सुटला एकदाचा!

आधी त्यांना खडकात खाचा कोरून लिहायला लावलं होतं, ती शिळालिपी अडली ती अशी. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 100 किलोहर्ट्झच्या क्लिकची तरंगलांबी दीड सेंटीमीटर, त्याहून बारीक खाच ओयरींना वाचताच येणार नाही. एका घराण्याची वंशावळ लिहायची तर अख्खा कडा पाहिजे, आणि त्यावर शेवाळ चढलं की संपलं. डोळ्यांचा तर प्रश्नच नाही, ते आपण गंगेतल्या डॉल्फिनसारखे जवळपास आंधळेच ठेवलेत.

उत्तर निघालं बुडबुड्यात. मिनार्ट या शास्त्रज्ञाचं 1933 चं सूत्र आहे, 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात साधारण 3.3 किलोहर्ट्झला वाजतो, दुप्पट मोठा असला तर निम्म्या सुरात. आकार म्हणजेच सूर, सूर म्हणजेच अक्षर! एवढासा बुडबुडा, पण त्याच्या आवाजाची तरंगलांबी 45 सेंटीमीटर, म्हणजे खाचेवाली अडचणच राहत नाही.

मग करून पाहिलं. बुडबुडा जागेवर राहावा म्हणून किराण्यातलं चायना ग्रास (थिजून जेल होतं ते) पातळ शिजवून त्यात सिरिंजनं हवा सोडली, अन् पिएझो डिस्क (कंपनं टिपणारी चकती) लावून ऑडेसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. (डिस्क नागपूरला दुकानात हातात घेऊन बघूनच आणा, ऑनलाइन मागवलेल्यांची सोल्डरिंग हातातच सुटली.) बादलीत काहीच कळेना, बादली स्वतःच वाजते. म्हणून सगळं गावच्या बोडीवर (तळ्यावर) नेलं, तिथले धिवर काका म्हणे, "काय आयकून रायला बाबू पाण्यात?" आणि हेडफोन लावून तेच कितीतरी वेळ बसले. मोठा बुडबुडा खाली, बारका वर, ग्राफवर दोन शिखरं स्वच्छ वेगळी! काय सांगू, त्या रात्री झोप नाही.

आता खरी डोकेदुखी. 10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट, बुडबुडा दबतो, सूर चढतो. म्हणजे एकच मजकूर प्रत्येक खोलीवर वेगळा वाचला जाणार. यावर मी फार दिवस अडकलो होतो. मग भजन मंडळात पेटीवाल्यानं पट्टी बदलली, चाल मात्र तीच राहिली, आणि तिथंच उजेड पडला. सगळे सूर एकाच प्रमाणात चढतात! म्हणून ओयरी सूर वाचत नाहीत, दोन सुरांतलं अंतर वाचतात, आणि प्रत्येक लेखाचा पहिला बुडबुडा हा त्याचा सा.

राहिला एकच शत्रू, हवा पाण्यात विरघळते आणि लेख पुसला जातो. ओयरी फुफ्फुसानं श्वास घेणारे, तेव्हा हवा वरून आणून भरत राहायची, म्हणून खोल दरीतली राजधानी उथळ पठारावर आणतोय, नकाशा पूर्ण नवा करावा लागेल.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. चरबीचं आवरण असलं तर बुडबुडा जास्त टिकतो, सोनोग्राफीत वापरतात त्या सूक्ष्म बुडबुड्यांना असंच आवरण असतं. आणि डॉल्फिनचं दूध तर भयंकर स्निग्ध! म्हणजे लेखनिक या दूध पाजणाऱ्या माताच. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये तोंडावर स्पंज धरून अन्न शोधायची विद्या मुख्यतः आईकडून मुलीकडे जाते, तशीच ही लिपीही जाईल. मग आधी रचलेलं पुरुष पुरोहितांचं ते सगळं प्रकरण काढून टाकतो, तसंही ते मला कधी जमलं नव्हतं.

पुढचा प्रयोग चायना ग्रासमध्ये साय घोटून. कुणी जेलमधला बुडबुडा आठवडाभर टिकवला असेल तर जेल किती घट्ट ठेवलं होतं ते सांगा.